दूरच्या दुर्बिणीची कळ

हट्ट्याची अमावास्येची रात्र ज्याने पाहिली आहे, त्याला आकाशाचे ऐश्वर्य निराळे सांगावे लागत नाही. परंतु पावसाळ्यात ते ढगांआड जाते, आणि शाळा तर भरते दिवसा! मग खगोलाचा धडा फळ्यावरच्या वर्तुळांत सुरू होतो आणि तेथेच संपतो.

रेडिओ दुर्बिणीला ही अडचण नाही. सूर्याकडून, गुरू ग्रहाकडून, आकाशगंगेच्या गाभ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ढग भेदून, भर दिवसाही पोहोचतात. वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, उसमें आँख कहाँ लगाते हैं?" प्रश्न मार्मिक होता. तेथे डोळा लावायचा नसतोच. तबकडीने गोळा केलेल्या लहरींचे आकडे होतात, आकड्यांचा आलेख होतो. तो आलेख दुर्बिणीच्या पायथ्याशी बसून पाहिला काय आणि हजार कोसांवरून पाहिला काय!

हे ओळखून अमेरिकेत १९९७ साली एक उपक्रम सुरू झाला. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या वाळवंटात, अंतराळयानांशी संपर्क राखण्याच्या कामातून मोकळी झालेली ३४ मीटर व्यासाची तबकडी शाळकरी मुलांच्या हाती देण्यात आली. आपल्या वर्गात बसून, संगणकाद्वारे मुले ती फिरवू लागली. २०००-०१ मध्ये कॅसिनी यान गुरूजवळून जात असता मुलांनी गुरूच्या रेडिओ लहरी मोजल्या, आणि ती मोजमापे शास्त्रज्ञांच्या कामी आली.

आपल्याकडे असे धन नाही काय? नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. विज्ञानदिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते. ते पाहून मुले हरखून जातात. त्या तबकड्या संशोधनात गुंतलेल्या. त्या शाळांना द्याव्यात असे कोण म्हणेल? पण याच स्वरूपांनी १९६५ साली कल्याणला जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांनी सूर्याचा वेध घेतला होता. तशी एखादी लहान तबकडी दूरच्या शाळांसाठी राखता येणार नाही काय?

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांना दूर असण्याची सवय आहे. पुस्तक, नाटक, व्याख्यान, सारे आपल्याकडे उशिरा पोहोचते. येथे मात्र अंतर आड येत नाही. आड येते ते मोठ्यांचे मन. मूल यंत्र बिघडवील या भयाने किती शाळांत प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलपे असतात! ज्या मुलाने कधी कळ दाबलीच नाही, त्याला आकाश पाठ होईल, कळणार नाही.