पहिल्या अटेम्प्टची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या कोजागिरीला आमच्याकडे चार कुटुंबं जमली होती. पार्सिपनीतली ऑक्टोबरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. डेकवर जाऊन चंद्राला नैवेद्य दाखवला, दोन फोटो काढले आणि सगळे पटकन आत. मसाला दूध, भेळ, वडे. मुलं एरवी बेसमेंटमध्ये असतात, पण वड्यांच्या वासाने तीही वर आली होती. आणि तिथेच वाद पेटला.

एका मैत्रिणीचा सतरा वर्षांचा मुलगा वडा खाता खाता म्हणाला, "बेस्ट डेब्यू अल्बम एव्हर म्हणजे लॉरिन हिल. पीरियड."

बस. पुढचा दीड तास कोणी जागचं हललं नाही.

माझा नवरा लगेच गन्स अँड रोझेस घेऊन उभा राहिला. १९८७ सालचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', होस्टेलच्या भिंतीवरचं पोस्टर, सगळं बाहेर आलं. त्याच्या मित्राने बीटल्स काढले: 'प्लीज प्लीज मी', १९६३, त्यातली दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केलेली. नागपूरची वहिनी म्हणाली, "तुम्ही सगळे इंग्रजीतच का बोलताय? 'रोजा'चं काय? रहमानचा पहिला सिनेमा, १९९२, आणि थेट राष्ट्रीय पुरस्कार!" त्यावर आक्षेप आला की सिनेमाचं संगीत अल्बम धरायचं का. पुण्याच्या भावजींनी अजय-अतुलचा 'विश्वविनायक' पुढे केला. कोणीतरी शंकर महादेवनच्या 'ब्रेथलेस'चं नाव घेतलं आणि लगेच तिघांनी ते गाणं एका दमात म्हणायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीला तिघंही गार.

मी 'गारवा' म्हटलं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र. आर्टिकलशिपच्या स्टायपेंडमधून मी स्वतः विकत घेतलेली पहिली कॅसेट. "हा तुझा पहिला, त्यांचा नव्हे," असं म्हणून नवऱ्याने माझं नामांकन फेटाळलं.

मी सीए. व्याख्या ठरल्याशिवाय मला आकडेमोड सुचत नाही. मी कागद घेतला आणि म्हटलं, आधी नियम ठरवा. बँडमध्ये गायल्यानंतरचा एकट्याचा अल्बम पहिला धरायचा का? लॉरिन हिल तर 'फ्यूजीज'मध्ये आधीच गाजली होती. सिनेमा चालेल का? आणि तेव्हा खपलेला मोठा, की वीस वर्षांनी टिकलेला मोठा?

नियमांवर एकमत झालंच नाही. पण तो मुलगा तयारीनिशी आला होता. त्याने सांगितलं की लॉरिन हिल आपल्याच इथली, साउथ ऑरेंजला वाढलेली, म्हणजे आमच्यापासून अर्ध्या तासावर. १९९८ सालच्या त्या अल्बमची सुरुवात शाळेतल्या हजेरीने होते. सर नावं पुकारतात आणि तिचं नाव आल्यावर कोणी 'ओ' देत नाही. ती गैरहजर! आणि अल्बममध्ये सर झालेत ते रस बराका, जे पुढे नुअर्कचे महापौर झाले. पुढच्या वर्षी एका रात्रीत पाच ग्रॅमी. आणि त्यानंतर आजपर्यंत तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम नाही.

"म्हणजे एकच केला आणि तोच बेस्ट?" वहिनी म्हणाली. सगळे दोन सेकंद गप्प झाले.

या सगळ्यात माझी लेक एक शब्द बोलली नाही. हे मला रात्री भांडी लावताना जाणवलं. सोळा वर्षांची आहे. गाण्यावरून वाद घालायची संधी ती कधी सोडत नाही. एरवी 'सावर'वरून, म्हणजे ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या पहिल्या अल्बमवरून, तिने बापाशी तासभर भांडण केलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला क्लासला सोडताना रूट ४६ च्या सिग्नलवर मी विचारलं, "काल एवढी गप्प का होतीस?"

बराच वेळ काही नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मी पाच गाणी केलीयेत. लास्ट इयरपासून."

मला माहीतच नव्हतं! दार बंद करून लॅपटॉपवर काहीतरी चालतं एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, "अगं मग टाक ना कुठेतरी. ऐकव ना."

"फर्स्ट आहे ना. फर्स्ट गुड असायला पाहिजे. नाहीतर लोक तेच लक्षात ठेवतात." आणि मग हळूच, "ऑलिव्हिया अठराची होती जेव्हा 'सावर' आला. मला दोनच वर्षं उरलीयेत."

दोनच वर्षं उरलीयेत. सोळा वर्षांची पोर!

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी पुढे काढली. पण हे तिच्या डोक्यात कुठून आलं असेल, हा प्रश्न काही मागे राहिला नाही. इंटरनेट, याद्या, टॉप टेन, हे सगळं आहेच. पण खरं सांगू? थोडं आमच्या घरातूनही आलंय.

आमच्याकडे एक गोष्ट सांगितली जाते: "तुझी आई पहिल्या फटक्यात सीए झाली." माझ्या आईने ती नातेवाइकांत सांगितली, तिथून ती सासरी पोचली आणि सासरहून माझ्या लेकीपर्यंत. मी कधी सांगितली नाही. पण मी ती कधी खोडलीही नाही.

मंडळी, मी सीए फायनल तिसऱ्या अटेम्प्टला सुटले.

ज्यांच्या घरात सीए आहे त्यांना कळेल. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. पहिल्या वेळी दोन्ही ग्रुप गेले. दुसऱ्या वेळी बाकी सगळं ठीक, पण एका पेपरात ३७. तीन मार्क. सायबर कॅफेत रोल नंबर टाकून निकाल बघितला, तासाचे पैसे दिले होते म्हणून उरलेला वेळ तशीच बसून राहिले. त्या सहा महिन्यांत 'गारवा'च्या कॅसेटची ए बाजू एवढी वाजली की आवाज खरखरायला लागला. आमच्या व्यवसायात दोन सीए भेटले की आडून आडून "कुठल्या अटेम्प्टला?" हे विचारलं जायचंच. मी विषय बदलायला शिकले. इथे आल्यावर तर सोपंच झालं, विचारणारं कोणी नव्हतं.

इथे आल्यावर पुन्हा शून्यापासून सीपीए. चार पेपर, पास व्हायला ७५ लागतात. एका पेपरात पहिल्यांदा ७१ आले. तेही घरात फक्त नवऱ्याला माहीत.

क्लासच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि लेकीला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तू खोटं बोललीस?"

"खोटं नाही बोलले. दुरुस्त केलं नाही."

म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. मी पोटासाठी ऑडिट करते. चुकीची नोंद आणि वगळलेली नोंद, दोन्ही चूकच धरायची, हे ज्युनियर मुलांना मी शिकवते. म्हटलं, "बरोबर आहे तुझं. वगळलं मी."

ती हसली. "थर्टी सेव्हन?"

"सदतीस."

"दॅट्स लाइक... रिअली क्लोज, आई."

मग मला आदल्या रात्रीचा वाद वेगळा दिसायला लागला. पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात मागच्या वर्षाचा रकाना रिकामा असतो. वाचणाऱ्याला वाटतं, सगळं इथूनच सुरू झालं. पण धंदा सुरू होण्याआधी झालेला खर्च कुठेतरी असतोच. रहमानने 'रोजा'च्या आधी वर्षानुवर्षं जाहिरातींच्या जिंगल्स केल्या होत्या. बीटल्स त्या एका दिवसाच्या आधी हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवत होते. ऑलिव्हिया लहानपणापासून डिस्नीच्या मालिकांत होती. आपल्या लतादीदींनी १९४२ मध्ये 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी गायलेलं गाणं तर चित्रपटातून वगळलं गेलं. म्हणजे दीदींचं पहिलं गाणं लोकांनी ऐकलंच नाही. जगातल्या ज्या पहिल्या अल्बमांवर आपण भांडतो, त्यातला कुठलाच खरं तर पहिला नाही.

आणि आपल्या न्यू जर्सीचा ब्रूस स्प्रिंगस्टीन. पहिला अल्बम १९७३ च्या जानेवारीत, मुखपृष्ठावर ॲसबरी पार्कचं पोस्टकार्ड. फारसा विकला गेला नाही. त्याच वर्षी दुसरा, तोही नाही. तिसरा 'बॉर्न टू रन', १९७५. त्या ऑक्टोबरमध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक', दोघांच्या मुखपृष्ठांवर एकाच आठवड्यात तो होता. तिसऱ्या अटेम्प्टला! हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, प्लीज, तू स्प्रिंगस्टीन नाहीयेस." खरं आहे. पण मुद्दा पोचला असावा.

आता हेही सांगते, की मला भीती वाटली नाही असं नाही. कॉलेजच्या अर्जांचं वर्ष येतंय. पाच गाणी करण्यात किती तास गेले असतील, त्यात काय काय राहिलं असेल, हा हिशोब डोक्यात झालाच. हिशोब करणं माझ्या हाताला लागलेलं आहे. फक्त या वेळी तो मोठ्याने वाचून दाखवला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिने एक गाणं टाकलं. पाचातलं एकच. इंग्रजी आहे, पण सुरुवातीला तिच्या गाण्याच्या क्लासचा तानपुरा वाजतो, आणि मध्ये कुठेतरी मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. ती चुकून आली होती, तिने ठेवली. आत्तापर्यंत चौतीस वेळा ऐकलं गेलंय. त्यातले निम्मे मी आणि तिची आजी. मधला भाग थोडा लांबलाय असं मला वाटतं. मी बोलले नाही, तिनेच दोन दिवसांनी सांगितलं, "मिडल पार्ट ड्रॅग होतो ना?" पुढच्यात बघू म्हणाली.

पुढच्यात बघू. गेल्या वर्षभरात तिच्या तोंडून ऐकलेलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य.

आईला फोन करून मी खरं काय ते सांगितलं, की आता ती गोष्ट सांगू नकोस. आई म्हणाली, "अगं मला माहीत होतं. मीच तर तेव्हा तुला चहा करून देत होते पहाटे चारला. पण सांगताना पहिल्या फटक्यात म्हटलं की बरं वाटतं." आम्ही दोघीही बराच वेळ हसलो.

आपण सगळे इथे दुसऱ्यांदा सुरुवात केलेली माणसं आहोत. नव्याने गाडी चालवायला शिकलो, नव्याने परीक्षा दिल्या, पहिल्या नोकरीत पुन्हा ज्युनियर झालो. मुलांना मात्र आपण फक्त शेवटचा ताळेबंद दाखवतो. घर, गाडी, पदवी. आधीचे रकाने रिकामे.

तर आज कमेंटमध्ये दोन गोष्टी सांगा. एक, तुमच्या मते सगळ्यात भारी पहिला अल्बम कुठला. वाद घाला, मजा येईल. आणि दोन, तुमचा असा कुठला अटेम्प्ट आहे जो तुमच्या मुलांना अजून माहीत नाही?

माझा तर सांगून झाला. सदतीस.