नाही ना?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईंना विचारलं होतं, "तसलं काही मनात येत नाही ना?" त्या "नाही" म्हणाल्या. मी कागदावर 'जोखीम कमी' लिहिलं. आठ दिवसांनी त्या रुग्णालयात दाखल होत्या. वाचल्या. नंतर म्हणाल्या, "तुम्हालाच 'नाही' ऐकायचं होतं, ताई."

त्या प्रश्नातला 'ना' माझा होता. 'तसलं काही', 'जिवाचं बरंवाईट' हे शब्दही आपण स्वतःच्याच सोयीसाठी वापरतो. आता सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांचे खांदे सैल पडतात.

मग मी व्याकरण ऐकते. हसू नका. "देवानं आता न्यावं," यात कर्ता देव. म्हातारी माणसं चहा पितानाही हे म्हणतात. तेही कानाआड करायचं नसतंच. पण "मीच जातो" आलं की कर्ता बदलला. त्याला दिवस आणि साधन जोडलं गेलं, की माझी त्या दिवसाची बाकीची कामं रद्द.

यवतमाळकडचे एक कापूस उत्पादक आले होते. तासभर कर्जाबद्दल बोलले, अगदी हिशेबानं. उठता उठता म्हणाले, "पोरीचं लगन झालं का मी मोकळा." गांधी टोपी हातात होती; बोटं तिची घडी घालत होती, उलगडत होती.

"मोकळा म्हणजे कशातून, भाऊ?"

बोटं थांबली. लग्नाची तारीख ठरली होती. त्यांच्या मनात तिच्यापुढची दुसरी तारीखही ठरली होती.

"फवारणीचं औषध कुठं असतं?"

"घरीच, जी."

जीव धोक्यात असेल तर गोष्ट माझ्यापाशीच राहणार नाही, हे मी आधीच सांगितलेलं असतं. धाकट्या भावाला बोलवू का, विचारलं. "पोलीस केस होईन." ही धास्ती अजून आहे, जरी 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं शिक्षेऐवजी उपचाराची बाजू घेतली आणि 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलं नाही. हे सांगण्यात दहा मिनिटं गेली.

भाऊ आला. औषध त्याच्या घरी, कुलपात, किल्ली वहिनीकडे. रात्री एकटं झोपायचं नाही. 'टेली-मानस' हेल्पलाइनचा 14416 नंबर कार्डामागे लिहून दिला. त्याच दुपारी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. मी उद्याची वेळ लिहायला घेतली, तर ते म्हणाले, "उद्या बाजार असते, ताई. परवा आलं तं चालते का?"

त्यांच्या भावाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मी परवाची तारीख घातली, आणि उद्याच्या रकान्यात त्यांचा फोन नंबर लिहिला.