एका डोळ्याची दुर्बीण

जळगांवाहून भुसावळास जातांना वाटेंत आमचें नशिराबाद लागतें. कांचेच्या बांगड्यांकरितां हें गांव एके काळीं खानदेशांत नांवाजलेलें होतें. त्या बांगड्यांशीं आमचा संबंध ऐकण्यापुरताच. परंतु उतारवयांत कांचेची परीक्षा करण्याचा प्रसंग आमच्यावरही आला, त्याची हकीगत वाचकांस सांगावी असें वाटतें.

शाळेंत संस्कृत शिकवितांना चक्रवाकांचा विरह आम्हीं मुलांस वर्षानुवर्षें समजावून दिला. दिवसभर एकत्र असणारें हें जोडपें रात्रीं नदीच्या दोन तीरांवर विलग होऊन एकमेकांस हांका मारतें, असा कविसंकेत. पण स्वतः आम्हीं चक्रवाक नीट असा कधींच पाहिला नव्हता! निवृत्तीनंतर पाहूं म्हणतां म्हणतां कांचबिंदूनें डाव्या डोळ्याची दृष्टि नेली. उजव्यासही तो लागल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. या रोगांत गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली औषधानें राखावयाची, एवढेंच हातीं. तेव्हां चक्रवाक पाहणें लांबणीवर टाकण्याजोगें राहिलें नाहीं. दोन नळ्यांची दुर्बीण आम्हांस निम्मी वायां. म्हणून एकाच नळीची, खिशांत मावेल अशी घ्यावी असें ठरलें.

पहिली खरेदी फसली. एका दुकानांत नळीवर '४०×६०' असे आकडे पाहून आम्ही भुललों. पहिला आकडा वाढीच्या पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. चाळीस पट म्हणजे तापीपलीकडचा सातपुडा अंगणांत येईल, असें वाटलें! प्रत्यक्षांत चित्र अंधुक, आणि हाताच्या कंपानें झाडाचा शेंडा नाचूं लागला. नातू म्हणाला, "आजोबा, भागाकार करून बघा ना." नळी हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे केली, कीं डोळ्याकडील भिंगांत प्रकाशाची एक वाटोळी टिकली दिसते. भिंगाच्या व्यासास वाढीनें भागावें, तेवढा तिचा व्यास. साठांस चाळिसांनीं भागितां ती दीड मिलिमीटर भरावी. पट्टीवर भरली चार! अर्थात् भिंग पुरें साठ धरलें, तरी वाढ पंधरा पटींहून अधिक असूंच शकत नाहीं. जन्मभर मुलांचे भागाकार तपासणारे आम्ही, छापील आकड्यांस नमस्कार करून बसलों होतों.

दुसऱ्या वेळीं मोठ्या आकड्याचा मोह सोडला. हातांत धरून पाहावयाचें तर आठ पट पुरे. वाढीबरोबर हाताचा कंपही तितकाच वाढतो. '८×२५' ची टिकली तीन मिलिमीटरांहून किंचित् मोठी, ती भर उजेडास पुरते. '८×३२' ची चार, ती दिवस कलल्यावरही उपयोगी. '८×४२' ची पांचांच्या वर. पण ओझें वाढतें, आणि उतारवयांत डोळ्याची बाहुली अंधारांतही बहुधा तितकी उघडत नाहीं. आम्हीं मधली घेतली. चष्मा लावणारांनीं चष्मा घालूनच पाहावें. डोळा भिंगापासून सुमारें पंधरा मिलिमीटर दूर असतांही सगळें चित्र दिसलें पाहिजे. दुकानाबाहेर येऊन दूरची पाटी वाचावी. कडेचीं अक्षरें फारच पुसट दिसलीं तर ती नळी परत द्यावी. पाणी व धूळ आंत न जाणारी असावी. आणि ती सूर्याकडे चुकूनही वळवूं नये. एकच डोळा उरलेल्यानें तर नाहींच नाहीं.

पौषांत नातवासह चांगदेवास गेलों. तेथें तापी आणि पूर्णा यांचा संगम असून हतनूर धरणाचें पाणी दूरवर पसरलेलें असतें. हिवाळ्यांत उत्तरेकडील पाणपक्षी तेथें उतरतात. दिवस कलतां नातवानें बोट केलें. आम्हीं कोपर गुडघ्यावर टेकून नळी लावली. नारिंगी तांबूस अंग, फिकट डोकें, काळी चोंच. चक्रवाक! आणि शेजारीं दुसरा. उजेड जाईपर्यंत पाहिलें. तोंवर तरी ते एकाच तीरावर होते. रात्रीचें कवींस ठाऊक.

कावळ्यास बुबुळ एकच, तें तो दोन्ही खोबणींत फिरवितो, या समजुतीवरून शास्त्रकारांनीं काकाक्षिगोलकन्याय सांगितला आहे. आमचें बुबुळ कांहीं फिरत नाहीं. परंतु एकच नळी नातू आणि आम्ही आळीपाळीनें डोळ्यास लावीत होतों, एवढा तो न्याय आम्हांसही साधला.