नजरअंदाज

उभ्या उसाकडे बांधावरून बघायचं आणि एकरी किती टन बसेल ते सांगायचं, याला आमच्यात नजरअंदाज म्हणतात. मी साखर कारखान्याचा चिटबॉय. लागणीची नोंद, तोडीची तारीख, टोळी कुणाच्या फडात लावायची, हे सगळं माझ्या वहीत. (कारखान्याचं नाव घेत नाही. चुका माझ्या, त्यात त्याचं नाव कशाला?) दहा-बारा वर्षं हे काम केलं की माणसाला एक खोड लागते. आपल्याला सगळंच बांधावरून दिसतं असं वाटायला लागतं. मला तर कबड्डीतलंही दिसायला लागलं होतं.

प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचा नाद मला पहिल्या सीझनपासून, म्हणजे 2014 पासून. त्या वर्षी आठ संघांत पलटण आठवी, पुढच्या वर्षी परत आठवी. निमगाव केतकीच्या स्टँडवर चहा पिताना मला कोणी नावानं हाक मारायचं नाही, "काय आठवा नंबर?" असंच म्हणायचे. मध्ये दोन-तीन बरे हंगाम गेले, पण 2019 ला बारा संघांत दहावी. मग कोरोनानं एक वर्ष खाल्लं आणि आठवा सीझन 22 डिसेंबर 2021 ला बंगळूरला सुरू झाला. सगळे सामने एकाच हॉटेलात, एकही प्रेक्षक नाही. आरडाओरडा करायचा तो आपल्या घरात.

आमच्याकडे हंगाम म्हटलं की गळिताचा. तो हंगाम तर असा आला की पूर्वी कधी बघितला नव्हता. पाऊस दोन वर्षं सलग चांगला, लागणी अफाट, ऊस जिकडेतिकडे. त्या वर्षी राज्यानं साखरेत उत्तर प्रदेशला मागं टाकलं, मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस उभा होता. आमच्या बारामती-इंदापुरात कारखाने जवळजवळ, तरी तोडीसाठी लोक दारात. सकाळी सहाला गाडीवर निघायचो ते संध्याकाळी सातला घरी. जेवण, टीव्ही, पलटण. दोन हंगाम एकाच डोक्यात चालले होते आणि दोन्हीची नोंद एकाच वहीत. पुढच्या पानांवर शेतकऱ्यांचे गट नंबर, मागच्या पानांवर गुणतक्ता.

पहिली चूक सीझन सुरू व्हायच्या आधीच केली. संघ बघितला, नितीन तोमर कर्णधार, राहुल चौधरी 40 लाखांना घेतलेला. म्हटलं, झालं काम. चढाईला दोन पहिलवान गडी, मागं विशाल भारद्वाज डाव्या कोपऱ्यात, अनुप कुमार कोच. बाकीच्या यादीत अस्लम इनामदार आणि मोहित गोयत अशी दोन कोरी नावं होती. अस्लम नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, म्हणजे आपल्याच ऊसपट्ट्यातला. चहाच्या टपरीवर मी काय बोललो ते अजून लोक ऐकवतात, "ही पोरं पाणी द्यायला घेतलेली. खेळणार राहुल." बांधावरून नजरअंदाज.

पलटणनं पहिलाच सामना दिल्लीकडून गमावला. पुढंही एक जिंकला की दोन हरले असं चाललं. राहुलची चढाई पूर्वीसारखी लागेना, तो हळूहळू बाकावर दिसायला लागला आणि पाणी द्यायला घेतलेली पोरं रोज रेडला जायला लागली. अस्लमचं एक वैशिष्ट्य मला उशिरा दिसलं. तो घाई करत नाही. बोनसच्या रेषेवर पाय ठेवतो, कोपरा पुढं आला की मागं सरकतो, परत पाय ठेवतो. तीस सेकंदांतली पंचवीस तो असाच खातो आणि शेवटच्या पाचात हात लावून घरी येतो. आमच्या गावच्या मैदानात असल्या खेळाला "टाइमपास" म्हणत. आम्ही आत घुसून चौघांना घेऊन बाहेर यायच्या नादात आऊट होणारी माणसं. मोहित त्याच्या उलट, अंगावर जाणारा, वर पकडीलाही पुढं.

जानेवारीत संघ सावरला. जिंकायला लागला. आणि मी बिघडलो.

हरणाऱ्या संघाचा समर्थक शहाणा असतो, त्याला अपेक्षा नसते. जिंकायला लागलेल्या संघाचा समर्थक हिशेब करायला बसतो. तेव्हा जिंकलं तर 5 गुण होते, बरोबरीला 3, सात किंवा कमी गुणांनी हरलं तर 1. सामने 22, बारातले सहा पुढं जाणार, पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. मी वहीच्या मागं तीन-तीन रकाने आखले. हा हरला तर, तो बरोबरीत सुटला तर. खेळ बघताना माझं लक्ष पलटणपेक्षा हरियाणा आणि जयपूर कधी हरतात त्याच्याकडे. बारामतीला एमआयडीसीत कामाला असलेला माझा मावसभाऊ यू मुंबावाला. त्याला रात्री फोन करून म्हटलं, "पलटण फायनलला गेली नाही तर आख्ख्या खानदानाला मटण." तो म्हणाला, "लगा, मधल्या हंगामात उतारा सांगू नये." हे वाक्य साखरेच्या धंद्यातलं, म्हणजे माझंच. त्यानं ते माझ्याच तोंडून ऐकलेलं.

आता ती रात्र. जानेवारी संपत आला होता. पलटणचा सामना, शेवटची दोन-तीन मिनिटं, अंतर एक-दोन गुणांचं. डू ऑर डाय रेड. समोरचा चढाईपटू आपल्या अंगणात आलाय आणि मी खाटेवर उभा राहून ओरडतोय. तेवढ्यात फोन. आमचा मुकादम, बीडकडचा, पंधरा कोयत्यांची टोळी घेऊन आलेला. त्याचा प्रश्न साधा होता. उद्या पहाटे टोळी कुठं लावायची, ओढ्याकडच्या फडात का पाटाकडच्या? आमच्या त्या शिवारात एकाच आडनावाची दोन घरं. पाटाकडचा ऊस नानांचा, आडसाली, तारीख होऊन गेलेली. ओढ्याकडचा त्यांच्या चुलतभावाचा, पंधरा दिवस मागचा. मी एका हातानं फोन धरून म्हणालो, "हो, हो, ओढ्याकडचा." का म्हणालो? कारण तो त्यानं पहिल्यांदा उच्चारला. एवढंच.

सकाळी मी दुसऱ्या गटात होतो. अकराला पोचलो तोवर ओढ्याकडचा अर्धा एकर आडवा, मोळ्या बांधलेल्या, टायरगाड्या भरायला लागलेल्या, कोप्या तिथंच पडलेल्या. निम्मा तोडलेला फड सोडून टोळी हलवता येत नाही. मालकच हलवू देत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हटलं, चार दिवसांत हा संपला की नानांचा. चार दिवसांनी वरून आदेश आला की टोळी नदीकडच्या गटात न्या, तिकडं बोंब झालीय. झालं. नानांचा ऊस राहिला.

इथं ज्याला शेती ठाऊक नाही त्याला वाटेल, पंधरा-वीस दिवसांनी काय बिघडतं? बरंच बिघडतं. नानांच्या उसाला तुरा आला होता. तुरा आलेला ऊस उभा ठेवला की शेंड्याकडून दशी पडत जाते, वजन घटतं. आणि 15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये असं शेतीखातंच सांगतं. उन्हाळा अंगावर येतो, फुटवा जोर धरत नाही. त्यात आमचा इंदापूरचा भाग नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. पाण्याची पाळी वरून बारामतीकडून येत येत आमच्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस दिवस मोजतो. नानांनी पाळीच्या हिशेबानं सगळं बसवलं होतं.

नाना स्वतः विचारायला आले. सायकलवरून उतरले, माझ्या ओट्यावर बसले. "आरं, माझ्या तोडीचं काय झालं?" आणि मी दुसरी चूक केली, पहिल्यापेक्षा मोठी. मी म्हणालो, "नाना, वरून प्रोग्राम बदलला. माझ्या हातात काय नाही." वही त्यांच्यासमोर उघडली, बोट फिरवलं, जसं काही त्यात लिहिलेलंच आहे. पान मागचं उघडलं गेलं. त्यावर पुणे, हरियाणा, जयपूर, गुजरात असे चार रकाने. नानांनी ते बघितलं का नाही, मला कळलं नाही. ते चहा न घेता गेले.

हिंदीत नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष. हा शब्द टीव्हीवरच्या समालोचनात त्याच आठवड्यात ऐकला, आणि मला हसू आलं नाही.

नानांच्या फडात टोळी लागली ती 19 फेब्रुवारीला. तोच दिवस साखळीचा शेवटचा. पलटणला जयपूरला हरवायचं होतं आणि वर हरियाणानं हरायचं होतं. दिवसभर मी नानांच्या बांधावर उभा. मुद्दामच, कारण तोंड लपवणं आता बरं दिसलं नसतं. उसाच्या शेंड्याकडून कांडी मोडली की आतून पांढरी, कापसासारखी. एक मोळी मी स्वतः उचलून बघितली. हलकी लागली. माझ्या वहीत नानांचा अंदाज एकरी साठ टन लिहिलेला. वजनकाट्याच्या पावत्या जमल्या तेव्हा चोपन्नाच्या आसपास भरला.

आणि रात्री पलटण जिंकली, 37-30. नंतरच्या सामन्यात पाटण्यानं हरियाणाला हरवलं. माझा रकाना तंतोतंत खरा ठरला. सहावा नंबर, पलटण पुढं. मी नाचलो. लाज वाटत होती आणि नाचत होतो, दोन्ही खरं आहे.

दोन दिवसांनी, 21 तारखेला, यूपी योद्धानं 42-31 असं हरवलं. प्रदीप नरवाल त्या दिवशी अशा तऱ्हेनं आला की आपल्या कोपऱ्यांना त्याचा अंदाजच लागेना. दीड कोटीच्या वरचा खेळाडू, हंगामभर थोडा थंड, आणि नेमका त्या रात्री पेटला. माझ्या कुठल्याच रकान्यात प्रदीप नरवाल नव्हता. मी संघांचे गुण मांडले होते, माणसं मांडली नव्हती.

मटण द्यावं लागलं. मावसभाऊ बारामतीहून बायकापोरं घेऊन आला. त्याची यू मुंबा तर दहावी आलेली, पण पैज माझी होती. त्याचा थोरला पोरगा कॉलेजात, फुटबॉलवाला. तो ताटावर बसून म्हणाला, "काका, तुमची पलटण आहे तरी. आमची एफसी पुणे सिटी गेलीच." पुण्याचा तो संघ आयएसएलमध्ये 2014 ला आला, 2018 ला एकदाच उपांत्य फेरीत पोचला, तिथं बंगळूरकडून हरला, आणि 2019 ला बंद. हे पोर बालेवाडीला एसटीनं जाऊन सामने बघायचं. म्हटलं तर त्याचं दुःख माझ्यापेक्षा मोठं, पण त्यानं मटणाचे तीन वाडगे संपवले.

जेवणाला मी नानांनाही बोलावलं होतं. ते आले. हात धुताना मी म्हणालो, "नाना, प्रोग्राम वरून बदलला नव्हता." ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, "ठावं हाय. मुकादमानं दुसऱ्या दिशीच सांगितलं. म्हनला, सायब फोनवर 'धर, धर, पाय धर' म्हनून वरडत हुते. मी इचार करतोय, रातच्याला ह्यो कुनाचा पाय धरत हुता?"

मग त्यांनी जे म्हटलं त्याची मला अपेक्षा नव्हती. "म्होरल्या साली मलाबी दाव. माझा ऊस ज्येच्यापायी वाळला, त्यो खेळ हाय तरी कसा, बघू."

आणि खरंच बघायला लागले. पुढच्या सीझनला रोज रात्री जेवून माझ्याकडे. फझल अत्राचलीला ते "इरानी पहिलवान" म्हणत, नाव जमायचं नाही. मी हिशेब मांडायला लागलो की वही काढून घेत. त्या वर्षी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली, 17 डिसेंबर 2022, मुंबईत. अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीनं बाहेर, जयपूरनं 33-29 घेतलं. मी चिडून टीव्ही बंद केला. नाना म्हणाले, "चालू कर. बक्षीस कोन घेतंय त्ये तरी बघू."

दहाव्या सीझनला अस्लम कर्णधार. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण घेऊन आलेला, आणि मी टपरीवर एक शब्द बोललो नाही. साखळीत पलटण पहिली आली तरी बोललो नाही. मावसभावानं दोनदा फोन करून डिवचलं, "पैज लावतो का?" नाही लावली.

अंतिम सामना 1 मार्च 2024 ला हैदराबादला, हरियाणाशी. गळीत संपायला आलं होतं, पण टोळ्या फडातच होत्या. खाटेवर मी, नाना आणि नानांचा नातू. मध्यांतराच्या जरा आधी पंकज मोहिते चढाईला गेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. तोच मुकादम.

मी हात पुढं केला, त्याआधी नानांनी फोन उचलला. "थांब रं. रेड चालू हाय."

पंकज चौघांना घेऊन परत आला. नातू उड्या मारायला लागला. नानांनी टीव्हीचा आवाज पार बारीक केला, फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, "आता सांग. गट नंबर सांग, नाव सांग, पाटाकडचा का ओढ्याकडचा त्ये सांग. आन् परत एकदा सांग."

मी दोनदा सांगितलं. मग त्यांनी आवाज वाढवला.