पडीक नावांचं भाडं

पार्किंग म्हटलं की आमच्या पिढीला स्कूटर आठवते. पण मंडळी, आता नावंही पार्क करतात! माझ्या पुतण्याकडे इंटरनेटवरच्या पत्त्यांची, म्हणजे डोमेनची, एकोणीस नावं आहेत. एकावरही संकेतस्थळ नाही. "मग घेतलीस कशाला?" विचारलं तर म्हणाला, "काका, पार्क केलीत. थोडे पैसे सुटतात."

प्रकार असा. नाव आपलं, पण त्यावर मांडायला काही नाही. मग ते पार्किंगवाल्या कंपनीच्या हवाली करायचं. ती तिथे जाहिरातींचं पान लावते. कुणी अंदाजाने पत्ता टाइप करून किंवा वाट चुकून तिथे आलं आणि जाहिरातीवर टिचकी मारली, की जाहिरातदार पैसे मोजतो. त्यातला वाटा नावाच्या मालकाला. पडीक रानात होर्डिंग उभं करून भाडं खावं, तसंच.

हा चिल्लर धंदा नव्हता हं! युन ये नावाच्या गृहस्थाने अशी लाखभर नावं जमवली होती. त्याचा हा पसारा १६ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेत असल्याचं मार्चेक्स या अमेरिकी कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. दुसरी गंमत कॅमेरूनची. त्या देशाच्या पत्त्यांचं शेपूट 'डॉट सीएम'. 'डॉट कॉम' लिहिताना 'ओ' राहिला की माणूस थेट आफ्रिकेत! २००६ च्या सुमारास कॅनडातल्या केव्हिन हॅम यांनी, त्या शेपटाची जी नावं कुणीच घेतलेली नव्हती, तिथे येणारी माणसं जाहिरातींकडे वळवायची व्यवस्था केली. मी जन्मभर ऱ्हस्वदीर्घासाठी अर्धा अर्धा गुण कापत बसलो, आणि तिकडे एका गळलेल्या अक्षरावर लोक श्रीमंत झाले. असो.

आता त्यात राम उरला नाही म्हणतात. लोक पत्ता लिहीतच नाहीत, सरळ गूगलला विचारतात. शिवाय २०२५ मध्ये गूगलने जाहिरातदारांच्या जाहिराती अशा पानांवर आपोआप दाखवणं थांबवलं. ज्याला हव्या असतील त्याने मुद्दाम सांगायचं, असं तेव्हा ठरलं. पुतण्याच्या एकोणीस नावांनी गेल्या वर्षी मिळून दोन नावांच्या नूतनीकरणाचाही खर्च काढला नाही.

मग त्या यादीतलं एक नाव माझ्या नजरेला पडलं. कोकणातल्या एका शाळेचं! तिच्या माजी विद्यार्थ्यांनी संकेतस्थळ केलं होतं, जुने फोटो, शिक्षकांच्या आठवणी वगैरे. सांभाळणारा मुलगा वारला. मुदत संपल्याची पत्रं त्याच्याच मेलवर येत राहिली असणार. 'डॉट कॉम'चं नाव मुदत संपताच जात नाही. कंपनीप्रमाणे काही दिवस थांबतात, मग सोडवून घ्यायला तीस दिवस, त्यानंतर पाच दिवस, आणि मग जो आधी येईल त्याचं. पुतण्या आधी आला. नियमाने त्याचं काहीच चुकलं नाही, हे मीही मान्य करतो. पण आज शाळेचं नाव टाकलं की कर्जाच्या जाहिराती दिसतात. तिथे जाणारा वाट चुकलेला नसतो हो, तो बरोबर पत्त्यावर आलेला असतो.

मी म्हटलं, "परत देऊन टाक." तो म्हणाला, "काका, देतो. पण घ्यायला कोण आहे?" प्रश्न खरा आहे. मुख्याध्यापकांना पोस्टाने पत्र टाकलंय, दोन माजी विद्यार्थ्यांचे फोन शोधतोय. तोवर पुतण्याने जाहिराती काढल्यात, पान कोरं आहे. ऑगस्टमध्ये मुदत संपते. तोवर कुणी पुढे आलं नाही तर या वर्षाचे पैसे मी भरणार आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या भागातलं असेल तर मला कळवा, शाळेचं नाव खासगीत सांगेन.