होतो तसोच आवाज

इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात जुन्या स्पीकरच्या पेट्या अजून पुष्कळ घरांत आहेत. काही आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेल्या जपानी जोड्या, काही चाकरमान्यांनी मुंबईहून गणपतीला आणून गावीच ठेवलेल्या. माझ्याकडे त्या येतात तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते : आवाज बसला. दोष स्पीकरच्या कागदाला दिला जातो. पण कागद पुष्कळदा शाबूत असतो, चुंबकालाही काही झालेलं नसतं. वूफर काढून आत हात घातला की क्रॉसओव्हर सापडतो, आणि तिथे टर्मिनलांवर हिरवा गंज, पट्टीवर बुरशी, कपॅसिटरच्या बुडाशी चिकट डाग. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात चाळीस वर्षं बंद पेटीत काढल्यावर दुसरं काय होणार?

क्रॉसओव्हर आवाजाची वाटणी करतो. गुंडाळी खालचे सूर वूफरकडे जाऊ देते, कपॅसिटर वरचे सूर ट्विटरकडे. ही वाटणी कुठे व्हावी हे त्यांच्या मूल्यांवर ठरतं. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल तर गणिताने वाटणी सुमारे ४२०० हर्ट्झला येते. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं मूल्य कधी घटतं, कधी चढतं. तोच कपॅसिटर मीटरवर ६.१ दाखवू लागला की वाटणी ३२५० च्या आसपास उतरते. जे सूर नाजूक ट्विटरने कधी पेलायचेच नव्हते ते त्याच्या गळ्यात पडतात आणि पेटीचा आवाज कर्कश होतो.

इथे सुधारणेचा मोह सुरू होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चांगले पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर मिळतात, ते कोरडे पडत नाहीत, वर्षानुवर्षं मूल्य धरून ठेवतात. मीही तेच वापरतो. पण जुन्या कपॅसिटरला स्वतःचा थोडा रोध होता, काहींना अर्धा ओहम, काहींना त्याहून जास्त. रचनाकाराने पेटी ऐकून पसंत केली तेव्हा तो रोध आवाजात धरलेलाच होता. नव्याला तो जवळजवळ नसतो. त्यामुळे नुसती अदलाबदल केली की ट्विटर वर उठतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, किती स्वच्छ झालं! आठवडाभराने तोच आवाज कानांना टोचू लागतो. म्हणून मी बहुतेक वेळा नव्या कपॅसिटरच्या मागे अर्ध्या-एक ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर जोडतो. काही रुपयांची वस्तू आहे, पण सगळ्या कामात मी सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर ठेवतो.

शेजारच्या वाडीतले एक काका आपली जोडी ठेवून जाताना म्हणाले होते, “माका पूर्वी होतो तसोच आवाज व्हयो.” या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

गुंडाळ्या मी स्वतः वळतो. रीळ सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिराकडून लाकडाचं कातून घेतो. खेळणी कातणाऱ्या हाताला ते अवघड नाही. लोखंडी स्क्रू लावत नाही, पितळीच लावतो, कारण लोखंड जवळ आलं की गुंडाळीचं मूल्य बदलतं, शिवाय आमच्या हवेत ते गंजतंही. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून वजनावर तांब्याची तार आणायची, हिशेबापेक्षा थोडे जास्त वेढे घ्यायचे आणि एलसीआर मीटर लावून एकेक वेढा सोडत मूल्यावर यायचं. मग दोऱ्याने आवळून वार्निश पाजायचं. तार किती जाड घ्यायची हे मात्र जुन्या गुंडाळीचा रोध मोजूनच ठरवावं. फार जाड घेतली तर रोध पडतो आणि वूफरचा भरीवपणा कमी होतो. पट्टीवर दोन गुंडाळ्या एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवाव्यात, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

बाजारात तयार क्रॉसओव्हर मिळतो, तोच का लावू नये, असं पुष्कळजण विचारतात. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस ३/५ए हा लहानसा स्पीकर पाहा. त्याच्या मूळ क्रॉसओव्हरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला वेगवेगळ्या जोडण्या काढल्या आहेत, त्या ट्विटरची पातळी वूफरशी जुळवून घेण्यासाठी. उलट टोकाला १९७० चा जेबीएल एल १००. त्यात वूफरला गुंडाळीच नाही. वरचे सूर तो आपसूक सोडतो आणि रचना त्याच भरवशावर उभी आहे. तिथे ‘राहून गेलेली’ गुंडाळी घालणं हा त्या स्पीकरवर अन्याय आहे. आठ ओहम आणि तीन हजार हर्ट्झ एवढ्याच हिशेबावर बनवलेली तयार पट्टी या दोघांपैकी एकालाही चालणार नाही.

डाग देण्याआधी आणि दिल्यानंतर मी पेटी उंच स्टुलावर ठेवून खळ्यात मोजतो. मोकळ्या जागी भिंतींचे पडसाद नसतात. मापाचा एक मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम भागतं. वाटणीच्या जागी आलेखात खोल खड्डा दिसला तर ट्विटरच्या तारा उलट लागल्या आहेत का ते आधी बघावं. काही रचनांत त्या मुळातच उलट असतात, म्हणून सोडवतानाच तारांवर खूण हवी. मग दशावताराचं ध्वनिमुद्रण लावायचं. झांज ट्विटरची परीक्षा घेते, मृदंग वूफरची, पण खरी कसोटी पेटीवाल्याचा हार्मोनियम आणि नटाचं गद्य. त्यांचे सूर वाटणीच्या रेषेवरून ये-जा करतात. राजाचा आवाज एका शब्दात छातीतून आणि दुसऱ्यात नाकातून आला, तर काम अजून झालेलं नाही.

तुमच्या घरी अशी जोडी असेल आणि ती कुणाकडे दुरुस्तीला देणार असाल, तर दोन गोष्टी आग्रहाने मागून घ्या. काढलेले जुने भाग फेकू देऊ नका, पाकिटात घालून पेटीतच आत चिकटवायला सांगा. आणि मूळ मूल्यं, नवी मूल्यं, तारांच्या खुणा एका कागदावर लिहून तो कागदही सोबत ठेवायला लावा. पुढे ती पेटी उघडणाऱ्याला त्याची गरज लागणार आहे.