काका, पिवळी लाइट आहे का?

पनवेल म्हणजे आपल्यासाठी काय? लाँग वीकएंडला ट्रॅफिकमध्ये अडकायची जागा! एक्स्प्रेस वे कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा हायवे पळस्पे फाट्याला वळतो आणि आपण वडा-चहा मारून पुढे सटकतो. पनवेलला कुणी जात नाही, सगळे पनवेलवरून जातात. पण बॉस, एकदा मुक्काम ठोकून बघाच. प्रबळगडाच्या पायथ्याला ठाकूरवाडी आहे. समोर कलावंतिणीचा सुळका, मागे पश्चिमेला शहराचा उजेड आणि मध्ये मस्त अंधार. आम्ही तिथे गेलो ते चक्क घर घेऊन!

माझी खारघरची मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही आयटीवाले. त्यांनी सेकंड हँड ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली. दोन बेड, छोटा ओटा, छतावर सोलर पॅनल. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, म्हणजे हे वेड आता सरकारमान्यसुद्धा आहे. हप्ते अर्थात चालूच आहेत. हा सगळा खटाटोप मुख्यतः तिच्या आईसाठी. गुडघ्यांमुळे आईंना एसटी झेपत नाही आणि गणपतीला गुहागरला जायचं तर असतंच.

ठाकूरवाडीत एका घराच्या अंगणात, त्यांना विचारून, गाडी लावली. सात वाजता आतली लाइट लावली आणि... एटीएम! छताच्या चारही कडांना पांढऱ्याशुभ्र एलईडी पट्ट्या, खाली चकचकीत पांढरा सनमायका. नजर ठेवायला जागा नाही. पिठलं-भाकरी झाली, गप्पा झाल्या, अकरा वाजले तरी कुणी आत जायला तयार नाही. आई तर खुर्चीतच शाल घेऊन बसल्या. "तुम्ही झोपा गं. आत दवाखान्यासारखं वाटतं." मैत्रीण गप्प झाली. मागच्या वर्षी तिचे बाबा गेले. शेवटचे तीन आठवडे आयसीयूत होते आणि आई बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. तिथली लाइट रात्रीही बंद होत नसे.

मग मी जरा अभ्यास केला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि गंमत म्हणजे आकडा जितका मोठा, तितका उजेड थंड, निळसर. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, आजीच्या घरातला तारेचा बल्ब २७०० आणि आपल्या गाडीतल्या पट्ट्या ६५००! पांढऱ्या एलईडीच्या पोटात असतो निळा एलईडी. तो शोधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. फॉस्फरमध्ये लाल छटा वाढवली की उजेड उबदार होतो. वीज किंचित जास्त लागते, बस्स. २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि देशभरात ३६ कोटींवर एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, उत्तम झालं. पण 'पांढरा म्हणजे चांगला' हा ट्यूबलाइटच्या काळातला फंडा आपण नव्या जमान्यातही तसाच आणला.

पुढच्या शनिवारी आम्ही पनवेलच्या बाजारात. "वॉर्म व्हाइट आहे का?" दुकानदार काका: "पिवळी सांगा ना!" १२ व्होल्टची, २७०० केल्विनची पट्टी घेतली. सीआरआय ९० च्या पुढचा बघून घेतला. सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो कमी असला की वरण राखाडी आणि चेहरा आजारी दिसतो. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि स्वस्तातली पट्टी तापते, म्हणून सोबत रेग्युलेटर आणि फ्यूजही.

मुख्य बदल मात्र जागेचा. पट्टी छतावरून काढून कपाटांच्या मागे, दुधी कव्हरच्या ॲल्युमिनियम पट्टीत बसवली. आता दिवा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. ओट्यावर वेगळी लाइट, प्रत्येक उशीशी छोटा रीडिंग लॅम्प, सगळ्यांची बटणं वेगळी. सनमायका बदलायचं बजेट नव्हतं, म्हणून तिथे खादीचे पडदे आणि आईंची गोधडी.

बजेट त्याहून टाइट आहे? मग अंबर जिलेटिन पेपर घ्या, फडके नाट्यगृहात नाटकाच्या स्पॉटवर लावतात तसला. तो निळा रंग अडवतो, पण उजेडही कमी करतो. थेट पट्टीवर चिकटवू नका, कव्हरवर लावा. डिमर घेताना मोबाइलचा कॅमेरा उजेडासमोर धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकले तर तो डिमर लाइट फडफडवतो, डोकं दुखवतो. तो नको. आणि मूड कितीही रोमँटिक असो, बंद गाडीत मेणबत्ती किंवा कंदील अजिबात नको. आगीची भीती आहेच, शिवाय कोंडलेला धूर जीव घेतो. एक बोनस: पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात. कोकणात हे केवढं मोठं सुख!

पुन्हा ठाकूरवाडी. डिमरचं बटण आईंच्या उशीशी दिलं होतं. त्यांनी ते स्वतःच हळूहळू कमी केलं. आमचा पत्त्यांचा डाव रंगायच्या आधी त्या घोरत होत्या. गणपतीला गुहागर फिक्स!

गाडी नसली तरी तुमच्या वन बीएचकेतही छताला तोच ६५०० लटकतोय. दिवसभर ऑफिसच्या पांढऱ्या उजेडात बसून घरी परत तेच? निळसर उजेड रात्री झोपेचं हार्मोन दाबतो, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वेळी बल्ब घ्याल तेव्हा वॅट नंतर विचारा. आधी खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा.